पायथॉन कुठे शोधतो, हे आधी शिकवा

घरच्या लॅपटॉपवर नीट चाललेली पायथॉनची फाइल कॉलेजच्या प्रयोगशाळेत चालत नाही. पडद्यावर एकच तक्रार येते: अमुक नावाचे मॉड्यूल सापडले नाही. विद्यार्थी फाइल पुन्हा उघडतो, कंस मोजतो, स्पेलिंग तपासतो, एकेक ओळ वाचून काढतो. कोडमध्ये काहीच चुकलेले नसते. मग कुणीतरी एक तयार ओळ सुचवतो, ती फाइलच्या डोक्यावर चिकटवली जाते, फाइल चालते, जर्नलवर सही होते आणि विषय संपतो. संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत असे प्रसंग इतके सवयीचे झाले आहेत की त्यांची कुणी दखलही घेत नाही. ती घ्यायला हवी. पायथॉन एखादे मॉड्यूल कोणत्या फोल्डरांत आणि कोणत्या क्रमाने शोधतो, हे विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात, लूप आणि फंक्शनच्या बरोबरीने शिकवले पाहिजे, आणि स्वतःची फाइल दुसऱ्या फोल्डरातून तपासून दाखवण्याला प्रात्यक्षिकात गुण असले पाहिजेत. आज आपण भाषेचे व्याकरण शिकवतो आणि कोडची मांडणी नशिबावर सोडतो.

भवानी पेठेचा विचार केला की या प्रश्नाचे वजन कळते. सोलापूरच्या पूर्व भागातली ही वस्ती. हातमागावरून यंत्रमागावर आलेली, चादर आणि टॉवेलवर उभी राहिलेली पद्मशाली कुटुंबे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. अनेक घरांत पुरुष कारखान्यात आणि बायका विड्या वळण्यात, असाच संसार चालत आला. घरात तेलुगू, रस्त्यावर आणि शाळेत मराठी, आणि पुढे इंग्रजी पाठ्यपुस्तक. या घरांतली मुलेमुली आता अशोक चौकातल्या, 1983 साली सुरू झालेल्या वालचंद इन्स्टिट्यूटमध्ये किंवा 2004 साली स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठाच्या महाविद्यालयांत संगणक शिकतात आणि नोकरीसाठी पुण्याकडे पाहतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या घरात याआधी कुणी कधी प्रोग्राम लिहिलेला नसतो. ज्याच्या घरात किंवा शेजारी एखादा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्याची अडचण रात्रीच्या एका फोनवर सुटते. ज्याला विचारायला कुणी नाही, त्याला पडद्यावरची ही तक्रार सांगून जाते की हे आपले काम नव्हे. प्रत्यक्षात त्याचे तर्कशास्त्र बरोबर असते, फंक्शन बरोबर असते. न शिकवलेल्या एका नियमावर तो अडकलेला असतो.

हा नियम अवघड नाही. इम्पोर्टची ओळ आली की ते मॉड्यूल आधीच आत घेतले आहे का, हे पायथॉन प्रथम पाहतो. नसेल तर भाषेच्या गाभ्यातच जोडलेली मोजकी मॉड्यूल तपासतो आणि मग फोल्डरांच्या एका यादीकडे वळतो. या यादीचे नाव सिस.पाथ. यादी वरून खाली तपासली जाते आणि नाव जुळणारी पहिली गोष्ट मिळताच शोध थांबतो. पोस्टमनच्या हातात नुसते आडनाव दिले आणि आधी भवानी पेठ, मग साखर पेठ, मग शुक्रवार पेठ असा क्रम ठरवून दिला, तर भवानी पेठेत त्या आडनावाचे जे पहिले घर लागेल तिथेच तो पत्र टाकणार. ज्याचे पत्र आहे तो साखर पेठेत राहत असला तरी तिथवर तो पोचणारच नाही. खरी मेख पुढे आहे. या यादीतली पहिली जागा कायम एकाच फोल्डरची नसते. फाइल थेट चालवली, तर ती फाइल ज्या फोल्डरात ठेवली आहे ते पहिले येते. तीच फाइल डॅश एम हा पर्याय वापरून मॉड्यूल म्हणून चालवली, तर टर्मिनल ज्या फोल्डरात उघडले आहे ते पहिले येते. त्यानंतर पायथॉनपाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये कुणी काही लिहून ठेवले असेल तर ते, मग भाषेसोबत येणारी स्टँडर्ड लायब्ररी आणि सर्वांत शेवटी पिप या साधनाने बसवलेली पॅकेजेस. म्हणजे एकही अक्षर न बदलता, नुसती चालवण्याची पद्धत बदलली तरी तोच प्रोग्राम चालू शकतो किंवा बंद पडू शकतो. त्यात आणखी एक विसंगती आहे, तिच्याकडे फार कमी पुस्तके लक्ष वेधतात: थेट चालवलेल्या फाइलमधला इम्पोर्ट त्या फाइलच्या फोल्डरापासून शोध सुरू करतो, पण त्याच फाइलमध्ये ओपन लिहून एखादी सीएसव्ही फाइल उघडायला गेलो तर ती मात्र टर्मिनल जिथे उघडले आहे तिथे शोधली जाते. एकाच फाइलमध्ये दोन निराळे नियम चालू असतात आणि विद्यार्थ्याला त्यातला एकही कुणी सांगितलेला नसतो.

हा केवळ नवशिक्यांचा गोंधळ असता तर भाषेच्या कर्त्यांनी त्यासाठी भाषेत बदल केले नसते. यादृच्छिक आकडे तयार करणारा पहिला प्रोग्राम लिहिणारा विद्यार्थी त्या फाइलला साहजिकच रँडम हे नाव देतो. त्याच क्षणी स्टँडर्ड लायब्ररीतले रँडम मॉड्यूल झाकले जाते, आणि फाइल स्वतःलाच इम्पोर्ट करू लागते. सीएसव्ही, ईमेल, स्टॅटिस्टिक्स या नावांचेही तेच. ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या पायथॉन 3.11 मध्ये एक पर्याय देण्यात आला, जो वापरला की यादीत सर्वांत वर येणारे ते असुरक्षित फोल्डर घातलेच जात नाही. ऑक्टोबर 2024 मधल्या 3.13 मध्ये तर एररचा मजकूरच बदलला: तुमच्या फाइलचे नाव स्टँडर्ड लायब्ररीतल्या मॉड्यूलशी जुळते आहे, ते बदलण्याचा विचार करा, असे आता पायथॉन स्वतः सांगतो. 1991 पासून लोकांच्या हातात असलेल्या भाषेला तेहतीस वर्षांनी अशी सूचना छापावी लागते, याचा अर्थ चूक व्यक्तीची कमी आणि शिकवण्याच्या पद्धतीची जास्त आहे. त्याआधी 2016 अखेर आलेल्या 3.6 मध्ये मॉड्यूल मुळात न सापडणे आणि मॉड्यूल सापडूनही त्यातली हवी ती गोष्ट न मिळणे, या दोन प्रकारांसाठी निराळ्या एरर केल्या गेल्या. विद्यार्थी दोन्हींना इम्पोर्ट एररच म्हणतो. पहिलीत शोध फसलेला असतो. दुसरीत शोध यशस्वी झालेला असतो, फक्त भलतीच फाइल हाती लागलेली असते किंवा दोन फाइली एकमेकींना इम्पोर्ट करताना अर्ध्यावर अडकलेल्या असतात. दोन्हींचा उपाय वेगळा आहे, म्हणून एररचे नाव नीट वाचणे हीच तपासाची पहिली पायरी.

स्वतंत्र स्क्रिप्टची चाचणी घ्यायची म्हटली की हा प्रश्न दुप्पट होतो, आणि मला सर्वांत जास्त काळजी इथेच वाटते. समजा, टॉवेलच्या ऑर्डरीवरून किती किलो सूत लागेल याचा हिशेब करणारी एक छोटी स्क्रिप्ट आहे. ती वरून खाली लिहिलेली आहे: आधी इनपुट विचारते, मग गुणाकार करते, मग उत्तर छापते. चाचणीची फाइल तिला इम्पोर्ट करते तेव्हा तिच्यातले फक्त फंक्शन उचलले जात नाही. स्क्रिप्टमधली उघड्यावरची प्रत्येक ओळ त्या क्षणी चालते. साहजिकच ती इनपुट मागते, आणि चाचण्या चालवणारे पायटेस्ट हे साधन चाचणीच्या वेळी कीबोर्डवरून वाचू देत नसल्यामुळे चाचणी सुरू होण्याआधीच कोलमडते. विद्यार्थ्याला वाटते इम्पोर्ट बिघडला. इम्पोर्टने आपले काम चोख केलेले असते. फाइल थेट चालवली असेल तरच हा भाग चालव, असे सांगणारी डंडर नेम आणि डंडर मेनची अट पाठ्यपुस्तकात असते, पण ती मंत्रासारखी पाठ करून घेतली जाते. ती अट म्हणजे एकाच फाइलला प्रोग्राम म्हणूनही आणि मॉड्यूल म्हणूनही वागता यावे यासाठीची सोय आहे, हे सांगितले तर चाचणी कशासाठी असते हेही त्याच बैठकीत उलगडते.

पायटेस्टचा स्वतःचाही एक नियम आहे. चाचणीची फाइल टेस्ट्स नावाच्या वेगळ्या फोल्डरात असेल आणि त्या फोल्डरात त्याला पॅकेज ठरवणारी इनिट फाइल नसेल, तर पायटेस्ट शोधयादीत सर्वांत वर घालतो ते टेस्ट्स हे फोल्डर; त्याच्या बाहेर असलेली मूळ स्क्रिप्ट त्याला दिसत नाही. पण मूळ फोल्डरात उभे राहून पायथॉन डॅश एम पायटेस्ट असे लिहिले, की चालू फोल्डर यादीत येते आणि त्याच चाचण्या चालू लागतात. दोन मित्र एकाच कोडवर भांडत असतात, एकाकडे चालते, दुसऱ्याकडे नाही, आणि फरक फक्त पायथॉन डॅश एम या तीन शब्दांचा असतो. पायटेस्टच्या 2022 साली आलेल्या सातव्या आवृत्तीपासून कोणते फोल्डर यादीत घालायचे हे सेटिंगच्या फाइलमध्ये एका ओळीत लिहून ठेवता येते. ही ओळ लिहून ठेवलेला प्रकल्प दुसऱ्याच्या संगणकावरही आपले फोल्डर बरोबर शोधतो. न लिहिलेला प्रकल्प लेखकाच्या टर्मिनलच्या सवयीवर अवलंबून राहतो.

मग तपास कसा करायचा? कोडकडे पाहण्याआधी तीन गोष्टी छापून बघाव्यात. पहिली, कोणता पायथॉन चालतो आहे. एका संगणकावर दोनतीन पायथॉन असणे आता सामान्य आहे, आणि पॅकेज एकात बसवून प्रोग्राम दुसऱ्यात चालवणे हे न सापडणाऱ्या मॉड्यूलचे फार मोठे कारण आहे. म्हणूनच नुसते पिप न लिहिता पायथॉन डॅश एम पिप लिहावे, म्हणजे ज्या पायथॉनने फाइल चालवायची त्यातच पॅकेज बसते. दुसरी, सिस.पाथची यादी जशीच्या तशी. तिसरी, मॉड्यूल सापडले असेल तर ते नेमके कोणत्या फाइलमधून आले, म्हणजे त्याचे डंडर फाइल हे मूल्य. बहुतेक वेळा या तीन उत्तरांत कारण उघडे पडते. उरलेल्या वेळी नाव तपासावे, कारण बसवण्याचे नाव आणि इम्पोर्टचे नाव एकच असते असे नाही: पिलो बसवतात आणि पीआयएल इम्पोर्ट करतात, ओपनसीव्ही-पायथॉन बसवतात आणि सीव्ही2 इम्पोर्ट करतात. फाइलच्या नावात शब्द जोडायला आडवी रेघ वापरली असेल तर ती फाइल साध्या इम्पोर्टने येतच नाही. तिथे अंडरस्कोर हवा.

याउलट, प्रयोगशाळेत जो उपाय प्रसाद वाटावा तसा वाटला जातो, तो म्हणजे फाइलच्या डोक्यावर सिस.पाथमध्ये एक फोल्डर जोडणारी ओळ. सी ड्राइव्ह, मग एका विद्यार्थ्याचे नाव, मग डेस्कटॉप, असा पूर्ण मार्ग त्या ओळीत असतो. ती लिहिणाऱ्याच्या संगणकावर चालते आणि इतर कुठेही चालत नाही. अडचण मिटत नाही, पुढच्या माणसाकडे सरकते. दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे मिळेल ते पॅकेज थेट मूळ सिस्टिममध्ये बसवणे. डेबियन 12 सारख्या लिनक्स प्रणाली 2023 पासून हे मुळात करू देत नाहीत आणि प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करायला सांगतात. त्यावर आपल्याकडे पिपला बळजबरीचा पर्याय देऊन तो नकार मोडायला शिकवले जाते. नावाकडे आणि शोधाच्या क्रमाकडे दुर्लक्ष केल्याने काय होते, याचा दाखला 2022 च्या डिसेंबरात साऱ्या जगाने पाहिला. पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीच्या रोजच्या चाचणी-आवृत्तीला लागणाऱ्या टॉर्चट्रायटन या पॅकेजच्या नावाने कुणीतरी पायपीआय या सार्वजनिक साठ्यावर दुष्ट पॅकेज ठेवले. पिपने सार्वजनिक साठ्यातल्या त्या पॅकेजला प्राधान्य दिले, आणि 25 ते 30 डिसेंबरच्या दरम्यान लिनक्सवर ती आवृत्ती बसवणाऱ्यांच्या संगणकांवर माहिती चोरणारा कोड उतरला. ते काम करणारे लोक तज्ज्ञ होते. हे कुठून आले, हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थिदशेतच लागली पाहिजे ती यासाठी.

यावर काही आक्षेप घेतले जातात, आणि त्यांतले एकदोन गंभीर आहेत. पहिला असा की पदवीच्या पहिल्या वर्षाला सगळे काम एका फाइलमध्ये भागते, इम्पोर्टची गुंतागुंत मोठ्या प्रकल्पांची आहे. पण नंपाय किंवा पांडाज घेतल्याशिवाय आज पहिल्या वर्षाचाही अभ्यासक्रम पुरा होत नाही, आणि चाचणी म्हणजे व्याख्येनेच दुसरी फाइल. ज्या दिवशी चाचणी लिहायला सांगितली, त्या दिवशी एका फाइलचे जग संपले. याच आक्षेपाचे जरा भारदस्त रूप भाषेचे जनक खिदो वान रॉसम यांच्या भूमिकेत सापडते. पॅकेजच्या आत ठेवलेली फाइल थेट चालवणे सोपे व्हावे असा एक औपचारिक प्रस्ताव 2007 मध्ये आला, तेव्हा त्यांनी तो फेटाळला. अशा फाइली पॅकेजच्या आत ठेवणे हीच त्यांना वाईट रीत वाटत होती. त्यांचे म्हणणे मला पटते. पॅकेजच्या आतली फाइल थेट चालवली की सापेक्ष इम्पोर्ट अडतो, कारण आपण कोणत्या पॅकेजचा भाग आहोत हेच तिला ठाऊक नसते. पण मग कोणती फाइल कुठे ठेवायची हे शिकवण्याची जबाबदारी वाढते. रीत वाईट आहे असे म्हणायचे आणि चांगली रीत दाखवायची नाही, हे शिक्षकाला शोभत नाही.

दुसरा आक्षेप साधनांचा. गूगल कोलॅबवर सगळे तयार मिळते, फोल्डरांची भानगड नाही, मग मुलांना त्यात कशाला पाडायचे? ज्या घरात लॅपटॉप नाही आणि मोबाइलवरच अभ्यास होतो, तिथे कोलॅब खरोखर वरदान आहे. ते काढून घ्या असे मी म्हणणार नाही. पण तिथे शिकलेला कोड शेवटी एखाद्या कार्यालयातल्या संगणकावर किंवा सर्व्हरवर चालवावा लागतो आणि नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हीच एरर समोर येते. ती प्रथम वर्गात भेटलेली बरी. आता तर एररचा मजकूर एआयला दिला की उत्तर मिळते, असेही सांगितले जाते. मिळते, आणि पुष्कळदा बरोबरही असते. पण तुमची फाइल कोणत्या फोल्डरात आहे आणि टर्मिनल कुठे उघडले आहे, हे तुम्ही सांगितल्याखेरीज त्याला कळत नाही. आणि ते सांगता येणारा विद्यार्थी निम्मे उत्तर आधीच काढून बसलेला असतो. शिवाय ही साधने कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचे नाव छातीठोकपणे सुचवतात, आणि तसले नाव पायपीआयवर कुणीही नोंदवू शकतो. टॉर्चट्रायटननंतर हा धोका काल्पनिक म्हणता येत नाही.

सर्वांत खरा आक्षेप भाषेचा आहे. तेलुगू घर, मराठी शाळा आणि इंग्रजी एरर अशा तीन पायऱ्या चढणाऱ्या मुलीला तो लाल मजकूर वाचण्याआधीच भीती वाटते, आणि ती शेवटची ओळ सोडून सगळीकडे बघते. त्या शेवटच्या ओळीतच सगळे लिहिलेले असते. इथे शिक्षकाने मराठीत समजावणे हाच उपाय आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने संगणकाचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणून दाखवले आहेत. तिथल्याच फॉसी प्रकल्पाने पायथॉनचा प्रसार देशभरच्या महाविद्यालयांत केला आणि विद्यार्थ्यांचे प्रोग्राम आपोआप तपासणारी यक्ष ही प्रणालीही बनवली. म्हणजे साधन आणि भाषा दोन्ही महाराष्ट्रातच उपलब्ध आहेत. पायथॉन 3 मध्ये तर चलांची आणि फंक्शनांची नावे देवनागरीत लिहिता येतात. समजावताना वापरायला ही सोय उत्तम आहे.

अभ्यासक्रमात जागा नाही, ही सबब मात्र मला मान्य नाही. आज निम्मी प्रात्यक्षिके एकाच साच्याची असतात: मूळ संख्या, फिबोनाची, पॅलिंड्रोम. त्यातले एक कमी करून अभ्यास मंडळांनी त्या जागी हे ठेवावे. विद्यार्थ्याने एक छोटी स्क्रिप्ट आणि तिची चाचणी लिहावी, सोबत लागणाऱ्या पॅकेजची यादी आणि चालवण्याची आज्ञा नोंदवावी. मग ते फोल्डर शेजारच्या विद्यार्थ्याला द्यावे, आणि त्याने नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, काहीही न विचारता, चाचणी चालवून दाखवावी. चालली नाही तर दोघांनी मिळून कारण शोधून जर्नलमध्ये ते मराठीत किंवा इंग्रजीत दोन ओळींत लिहावे, आणि गुण त्या दोन ओळींना द्यावेत. सोलापूर विद्यापीठाचे कार्यक्षेत्र एका जिल्ह्याचे आहे. इतका छोटा बदल इथून सुरू करणे इतर कुठल्याही विद्यापीठापेक्षा सोपे आहे. यासाठी नवे संगणक लागत नाहीत, काही विकत घ्यावे लागत नाही, आणि पुढच्या सत्राची प्रात्यक्षिके ठरण्याआधी हे करता येण्यासारखे आहे. मंडळाच्या सदस्यांनी ते करावे.